आवक क्रमांक एक

शिक्क्याचे दिवसाचे चाक आज पुन्हा अडले होते. अडले म्हणजे रबरी पट्ट्यावर शाईचा कीट साचून एकोणीस आणि वीस यांच्या अधेमध्ये थबकले होते, आणि आवक कारकून टाचणीच्या टोकाने तो कीट खरवडत होता. तीन चाके, एक आस, एक दांडा. यात स्वतःहून बिघडण्यासारखे काही नाही, हे तो नव्या माणसांना नेहमी सांगे. बिघडवतो तो माणूस... हे पुढचे वाक्य मात्र तो मनातच ठेवी.

"काय घड्याळकाका, आज कुठली तारीख ठेवायचा विचार आहे?" शेजारच्या टेबलावरून जन्मनोंदीच्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाल ती. जन्म तुमच्या हातात आहेत."

बाई हसल्या. जन्म, मृत्यू, लग्ने, परवाने, हरकती... नगर कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी त्याच्या टेबलावर येई आणि शिक्का उमटला की शहराचा होई. पाचचा ठोका पडून दाराला कडी लागल्याखेरीज तो चाक पुढे सरकवत नसे, म्हणून घड्याळकाका हे नाव पडले होते. नवे साहेब आले की जुने त्यांना सांगत, काटेकोरपणा शिकावा तर याच्याकडून. तो मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

"काका, जुन्या अर्जाची नक्कल मिळते का हो?"

खिडकीशी पस्तिशीची एक बाई उभी होती. तर्जनीच्या टोकावर सुयांनी टोचल्याचे बारीक ठिपके.

"कोणता अर्ज?"

"बावीस वर्षांपूर्वीचा आहे. रस्तारुंदीत आमचं शिंप्याचं दुकान जात होतं, त्यावर आईने हरकत दिली होती."

टाचणी त्याच्या हातातून सुटली नाही; फक्त खरवडणे थांबले.

"कशासाठी हवी?" अर्जावर तसा रकाना होताच.

"भांडण मिटवायला, असं लिहू का?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "दुकान गेलं ते गेलं. पण बाबा जाईपर्यंत आईला बोलत राहिले, हिने एक दिवस उशीर केला आणि माझं दुकान घालवलं. आता तेच दादाच्या तोंडी बसलंय. आई म्हणते, मी शेवटच्या दिवशी, पण वेळेत दिली होती. एकदाची शहानिशा होऊन जाऊ दे."

दफ्तरखान्यात त्याला सूची उघडावी लागली नाही. जीभ पडलेल्या दाताच्या जागेकडे जाते तसा हात नेमका त्या गठ्ठ्याकडे गेला. फीत सोडली. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र ठसठशीत... शाई चांगली होती त्या काळी.

नोकरीला तेव्हा अडीच महिने झाले होते. आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाने शिकवले होते, उद्याची तयारी आजच करावी, पावणेपाचला चाक फिरवून ठेवावे, सकाळी धांदल होत नाही. त्याने फिरवून ठेवले होते. पाचला दहा कमी असताना एक बाई धापा टाकत आली... मुदतीचा शेवटचा दिवस... "वेळेत आहे ना हो, दादा?" आणि तो म्हणाला होता, स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, "आहे की, अजून दहा मिनिटं आहेत." अर्जावर ठप्प, पोचपावतीवर ठप्प. तिने पोच न वाचता घडी करून पिशवीत टाकली. त्यानेही वाचली नाही.

इथपर्यंत ती चूक होती. पण दुसऱ्या दिवशी, दार उघडण्यापूर्वी, वहीत चढवायचा राहिलेला तो अर्ज त्याने हाती घेतला आणि त्यावरच्या शिक्क्यात आदल्या दिवसाऐवजी त्याच दिवसाची तारीख पाहिली. साहेबांची खोली बारा पावलांवर होती. त्याने मोजली होती, बसल्या बसल्या. त्याला कायम करण्याचा हुकूम त्याच खोलीत सहीसाठी पडून होता. आणि त्याने नव्या पानावर, वळणदार अक्षरात, त्या दिवसाची पहिली नोंद केली : आवक क्रमांक एक. मुदतीनंतर प्राप्त. चूक आणि खोटेपणा यांच्यात बारा पावलांचे अंतर असते. ते चालले नाही की दोन्ही एकच होतात.

तरी हरकती ऐकतो कोण, असे त्याने मनाला समजावले होते. पुढे निकाल आला तेव्हा चाळीसांपैकी तीन मान्य झाल्या होत्या. ती यादी त्याने वाचायला नको होती.

अर्ज आणि त्या वर्षीची आवक वही घेऊन तो टेबलाशी परतला आणि त्याने नक्कल काढली. खाली ठरलेला मजकूर : मूळ कागदाशी ताडून पाहिले, नक्कल बरोबर आहे. बरोबरच होती. शब्दाला शब्द, तारखेला तारीख. इतकी बरोबर नक्कल त्याने आजवर दिली नसेल. सही तेवढी बाकी होती. निवृत्तीला चार महिने... सही केली तर कोणीही बोट ठेवू शकणार नव्हते, कागदावरही आणि त्याच्यावरही.

"झालं का, काका?" बाकावरून उठून ती खिडकीशी आली. "तारीख तेवढी सांगा. आईला आता दिसत नाही, मलाच वाचून दाखवायचीय. पण काल रात्री ती स्वतःच म्हणाली, कचेरीचा कागद कशाला खोटं बोलेल गं? माझंच चुकलं असेल, पोरी."

त्याने पेनाला टोपण लावले. ते नीट बसले नाही, पुन्हा लावले.

"बसा, ताई," तो म्हणाला. आवाज त्याला परका वाटला, अडीच महिन्यांच्या नोकरीतल्या कुणाचा तरी. "तारीख सांगायला थोडा वेळ लागेल."

"पण पाच वाजत आले की."

"अजून दहा मिनिटं आहेत."

जन्मनोंदीच्या बाईंनी मान वर केली. घड्याळाकडे न बघता त्याने वेळ सांगितल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्याने जुनी वही काखेत घेतली, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला. दोनदा डागडुजी होऊन कचेरीतल्या भिंती इकडच्या तिकडे झाल्या होत्या. साहेबांची खोली आता किती पावलांवर होती, हे त्याने कधी मोजलेच नव्हते.