खरा लोड

घरोघरच्या विजेच्या लोडचा सर्व्हे होणार अशी नोटीस जिन्यात लागली आणि आमच्या बिल्डिंगला घाम फुटला. दुसऱ्या मजल्यावर एसीवर चादर पडली. कुणी गीझरवर टॉवेल वाळत घातले. चौथ्या मजल्यावरची केकवाली घरातच दोन मोठ्या ओव्हनवर ऑर्डरी काढते. तिने नवऱ्याला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आणि आत चिडीचूप बसून राहिली. कारण साधं होतं. घरात जितकी यंत्रं कबूल करावीत तितकं बिल फुगतं.

मी तळमजल्यावर राहते. कुणाकडे कधी काय आलं, ते सगळं माझ्या खिडकीसमोरून गेलेलं. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे त्या दिवशी जो तो मला बघून उगाचच हसत होता. मला हसू येत नव्हतं. आमच्या ह्यांची फुप्फुसं निकामी झाली आहेत. दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, आणि मशीन विजेवर चालतं. ते मशीनला माझी सवत म्हणतात. "तुझ्यापेक्षा तीच जास्त वेळ उशाशी असते," असं म्हणून हसतात आणि मग बराच वेळ खोकतात. वीज गेली की इन्व्हर्टर पंधरा मिनिटांत मान टाकतो. मग उरतं एक छोटं सिलिंडर, तासाभराचं. हॉस्पिटल दीड तासावर.

सर्व्हेला आलेली इंजिनिअर बाई तिशीची होती, बोलायला गोड पण नजर धारदार. सगळी घरं फिरून ती माझ्याकडे पाणी प्यायला थांबली.

"काकू, या बिल्डिंगमध्ये लोक पंख्यावरच जगतात वाटतं," ती म्हणाली.

"चादरी वर करून बघायचं की."

"बघून काय करू? ते सांगतील तेच मला लिहावं लागतं. त्या बेरजेवरून नवा ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा ते ठरतं. त्यातही सगळे सगळं एकाच वेळी लावत नाहीत असं धरून आम्ही आकडा निम्मा करतो. आता जो अंगणात आहे तो दोनशेच्या क्षमतेचा. आधीच रडतोय."

"रडतोय म्हणजे?"

"फ्यूज गेला तर अर्ध्या तासात येईन. ट्रान्सफॉर्मरच जळला तर चार दिवस धरा." मग तिची नजर आतल्या खोलीतल्या नळीवर गेली आणि तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

त्याच संध्याकाळी मी चेअरमनना गच्चीवर मीटिंग बोलवायला लावली. आयुष्यात कधी चार माणसांत बोलले नव्हते. म्हटलं, "तुम्ही बिलाचे पैसे वाचवा, माझी ना नाही. पण आमच्या ह्यांचा श्वास याच वायरीतून येतो. छोटा ट्रान्सफॉर्मर आला आणि जळला, तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

मग केकवाली उठली. "माझ्याकडे दोन ओव्हन आहेत. मोठे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग काय, पाझरच फुटला. माझे तीन एसी, माझा पाण्याचा पंप, माझी इस्त्री मोठी आहे पण ती धरायची का? लोक हसत होते, एकमेकांची गुपितं फोडत होते. त्या दिवशी मला ती माणसं फार आवडली. खोटं कशाला सांगू, मी सुद्धा रडले.

इंजिनिअर बाई पुन्हा आली, घरोघर फिरून नवी यादी करून गेली. जाताना म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरे आकडे मिळाले, काकू. तीनशे पंधराचा मागते. तेवढाच लागतो, तेवढाच लिहिते."

उन्हाळा ऐन भरात आला तेव्हा क्रेनवरून नवा ट्रान्सफॉर्मर उतरला. राखाडी रंग, चकचकीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर बाई मात्र कुंपणाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी चष्मा लावून त्याच्या पाटीवरचा आकडा वाचला. दोनशे.

"अहो, हा तर पहिल्याएवढाच!"

"वरून कापला," ती हळूच म्हणाली. "आम्ही जे मागतो त्यातला साधारण तिसरा हिस्सा मोठे साहेब न बघताच कापतात. सगळे फुगवून मागतात, हे त्यांना माहीत आहे. लोक कमी सांगतात म्हणून आम्ही वर दीडपट मागतो, आम्ही दीडपट मागतो म्हणून ते कापतात. असंच चालत आलंय. या वेळी..." तिने पाटीकडे पाहिलं. "या वेळी मी फुगवलंच नाही, काकू. खरं होतं ना."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिचा चेहरा बघून मी चष्मा काढून पुसत राहिले. नवा अर्ज करते, म्हणाली, तोवर लोकांना सांभाळून वापरायला सांगा.

लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आधी चोरून वापरायचे तेव्हा भीत भीत, एक लावला की दुसरा बंद. आता कबूल केलं होतं, वाढीव बिल भरत होते. मनात किंतु उरला नव्हता. मग एका संध्याकाळी हवा जराही हलत नव्हती. आमच्या खोलीतला बल्ब पिवळा पडला आणि मशीनचा सूर खाली आला. ह्यांनी डोळे उघडले. मी "आलेच" म्हणून जिन्याकडे धावले.

केकवालीचे दोन्ही ओव्हन तापले होते. "या काकू! आता चोरी कसली, दार सताड उघडं ठेवते," ती म्हणाली. मी सांगितलं मात्र, तिने दोन्ही बटणं तिथल्या तिथे बंद केली, पीठ तसंच टाकलं आणि माझ्याबरोबर निघाली. तिच्या खिडकीतून समोरची विंग दिसली. एकूण एक खिडकी बंद, काचा घट्ट लावलेल्या. आम्ही दारं वाजवत सुटलो. आत एसी घरघरत होते, कुणाला बेल ऐकू येत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर चेअरमननी दार उघडलं, तेवढ्यात अंगणात धाडकन आवाज झाला आणि जिना काळोखात बुडाला.

आता मात्र सगळी दारं उघडली. "गेली का तुमच्याकडेही?" "येईल हो, नवा कोरा आहे!" कुणीतरी हसलं. मग जळक्या तेलाचा वास वर आला. एकेकाला आठवत गेलं, आणि एकेक दार गप्प होत गेलं. "काका!" केकवाली एवढंच म्हणाली. मी तोवर अर्धा जिना उतरले होते.

बल्ब गेला होता आणि कमी दाबात धड चार्जच न झालेला इन्व्हर्टर एकसारखा बोंबलत होता. मी चाचपडत ह्यांच्या नाकातली नळी काढली, सिलिंडरची लावली, चावी फिरवली. हवेची फुसफुस सुरू झाली. त्यांनी माझं मनगट धरलं. बोलवत नव्हतं, नुसतं बघत होते. किती वेळ, असं विचारत होते.

आख्ख्या बिल्डिंगला खरं बोलायला लावणारी मी त्यांना म्हणाले, "फ्यूज गेलाय. अर्ध्या तासात येईल."

बाहेर चेअरमन त्यांची गाडी काढत होते. मागची सीट पाडा, हॉस्पिटल दीड तासावर आहे, काकांना आडवं न्यावं लागेल, असं ओरडत होते. ह्यांनी ते ऐकलं. माझ्या हातावर थोपटलं आणि हात लांबवून त्या तासाभराच्या सिलिंडरची चावी स्वतःच कमी केली.