बॅग घेतली का?

“बॅग घेतली का, ताई?” काकांनी विचारलं, पण तोपर्यंत ती मुलगी दारातून बाहेर आली होती आणि दार तिच्यामागे बंद झालं होतं.

“ती जाईल ना पुढच्या विमानात. टॅगवर आमच्या गावाचं नाव आहे.”

काकांनी माझ्याकडे बघितलं.  मी काचेकडे बघितलं, कारण तिथला पुठ्ठा मी काढला होता.

थांबा, नीट सांगते. विमानतळावरचा आमचा हॉल म्हणजे एक खिडकी नाही की काही नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते आम्हाला लोकांच्या कपड्यांवरून कळतं. परदेशातून आलेल्या माणसाला पुढे देशातल्याच दुसऱ्या गावी जायचं असेल, तर त्याने आधी आपली बॅग इथे पट्ट्यावरून उचलायची, कस्टमवाल्यांना दाखवायची, मग दारातून बाहेर येऊन आमच्याकडे परत द्यायची. मी टॅग तपासते, काका बॅग उचलून पुढच्या पट्ट्यावर टाकतात. एवढंच काम. पण टॅगवर शेवटच्या गावाचं नाव असतं ना, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं बॅग आपली आपण जाईल. आणि ते दार आतूनच उघडतं. बाहेर आलात की आलात. बॅग बसते काचेपलीकडे गोल गोल फिरत. दिसते सगळी, पण हात लावता येत नाही.

म्हणून काकांनी पुठ्ठा केला होता. टीव्हीच्या खोक्याचा, त्यावर जाड मार्करने, ‘बॅग इथेच घ्या. नंतर परत येता येणार नाही.’ आतल्या लोकांना दिसेल असा काचेला चिकटवलेला. काका बावीस वर्षं त्या हॉलमध्ये आणि त्यातली अकरा वर्षं तो पुठ्ठा. फाटला की नवा करायचे. मी एकदा विचारलं, “काका, तुम्ही विमानात कधी बसलात?” तर म्हणाले, “बसलो नाही गं, पण बॅगा बसवल्यात लाखभर.”

त्या दिवशी सकाळी तपासणी होती. साहेब म्हणाले, “ते भंगार काढ आधी.” मी काढला, काउंटरखाली सरकवला. काका यायच्या आतच तपासणीवाले आले, गेले, चहापाणी झालं, आणि पुठ्ठा परत लावायचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

ती मुलगी असेल माझ्याच वयाची. तिकडे परदेशात कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. बहिणीचं लग्न होतं, त्याच संध्याकाळी. बहिणीचे लग्नाचे कपडे हिने शिवलेले, रोज कामावरून आल्यावर, चार महिने. “ती म्हणालीये, तू शिवलेलंच घालीन,” असं म्हणत तिने काचेवर बोट टेकवलं. “ती बघा. निळी. लाल दोरी बांधलेली.”

आम्ही तिघंही बघत होतो. निळी बॅग समोरून गेली, रबरी पडद्याआड शिरली, परत आली.

मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, अर्ज भरा, सुरक्षावाल्यांची सही घ्या, बरोबर माणूस देऊ, दीड तास लागेल. तिचं विमान पन्नास मिनिटांत. आम्हाला शिकवलेलंच मी म्हणाले, “बॅग उद्या घरपोच पाठवू.”

“उद्या लग्न झालेलं असेल,” ती म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही तिने. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

काकांचा पास फक्त आमच्या हॉलपुरता. त्यावर दोन लाल शिक्के आधीच बसलेले. तिसरा बसला की पास जमा, म्हणजे नोकरीच संपली.

“बॅगेची पावती द्या, ताई,” काका म्हणाले.

“काका, नको.” मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली.

दार उघडलं, एक कुटुंब ट्रॉली ढकलत बाहेर येत होतं. काका “बाजूला हं, बाजूला” म्हणत तिरके आत शिरले. लगेच भोंगा. आणि बॅग नेमकी तेव्हाच पडद्याआड गेलेली. पूर्ण फेरी होईपर्यंत काका पट्ट्याजवळ उभे, हात मागे बांधून, जणू बसची वाट बघतायत. भोंगा वाजतोय, लोक बघतायत. बॅग आली, उचलली, पण तशीच घेऊन नाही आले हं. कस्टमच्या मशीनमध्ये घातली. तिथल्या साहेबांनी काकांकडे बघितलं, मशीनच्या स्क्रीनकडे बघितलं, बॅगेवर खडूने खूण केली आणि मान वळवली.

काका बाहेर आले, बॅग पुढच्या पट्ट्यावर टाकली. मुलगी काहीतरी बोलायला लागली.

“पळा,” काका म्हणाले.

ती गेली आणि आमचे साहेब आले, बरोबर सुरक्षावाले दोघं.

“कोणी सांगितलं होतं आत जायला?”

“कोणी नाही.”

“मुळात तिने बॅग न घेता बाहेर यायचंच कसं? तपासणी झाल्यावर तुमचा तो पुठ्ठा परत लावला नाही का?”

काचेवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे दिसत होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. 

“माझं लक्ष नव्हतं,” काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

सुरक्षावाल्यांनी पास त्यांच्या गळ्यातून काढून घेतला. काकांनी डबा उचलला, आणि नेहमीच्या सवयीने तळघराच्या जिन्याकडे निघाले. आम्ही सगळे तिथूनच येतो-जातो. पण तिथे पास लागतो.

“मग मी जाऊ कुठून?” काकांनी विचारलं. साहेबांनी आधी जिन्याकडे, मग हॉलच्या टोकाकडे बघितलं.

“प्रवाशांच्या गेटने जा.”

ते गेट आमच्या हॉलच्या टोकाला दिसतं. बावीस वर्षांत काका तिथून कधी गेले नव्हते. दार सरकलं. पलीकडे ही गर्दी, कोणी फुलं घेऊन, कोणी टाचा उंचावून. सगळ्यांचे चेहरे एकदम काकांकडे वळले, आणि मग त्यांच्या मागे बघायला लागले. मागून कोणी येत असेल म्हणून काका जरा बाजूला सरकले. दार बंद झालं.

मी काउंटरखालून पुठ्ठा काढला. चिकटपट्टी काकांच्या खिशात गेली होती. पुढचं विमान उतरलं होतं, आतले लोक दाराकडे यायला लागले होते. मी पुठ्ठा काचेला हाताने दाबून धरला आणि उभी राहिले.