माश्यांना सांगायचं कुणी

रूबेनचे डोळे मिटून तासही झाला नव्हता, आणि त्याचा धाकटा भाऊ जेबेझ खुंटीवरची घराची किल्ली काढून घेऊन उभा होता. इंग्लंडातल्या डॉर्सेटमधल्या त्या गावात मालक गेला की परसातल्या मधमाश्यांच्या टोपल्या घरच्या किल्लीने ठोठावून त्यांना सांगावं लागतं. नाहीतर माश्या मरतात किंवा उडून जातात. आणि जो सांगतो, त्याच्या त्या होतात.

"बाईमाणसाचं काम नव्हे ते, वहिनी," जेबेझ म्हणाला. "तसाही रूबेन ड्रोनच होता. पोळ्यातली नरमाशी. बसून खायचं आणि गुणगुणायचं."

केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगडखाणीच्या धुळीने तिच्या नवऱ्याची छाती पोखरली होती. दुसरं काही झेपत नव्हतं म्हणून तो टोपल्या सांभाळायचा, आणि त्याच मधावर घर चाललं होतं. जेबेझच्या पोरांनीही तोच मध चाटला होता.

उशाशी बसलेले पाद्रीबाबा पुस्तकी माणूस. ते खाकरून म्हणाले, "ड्रोन ही मुळात शिवी नव्हे, जेबेझ. बहुधा तो शब्द म्हणजे घुमण्याचा आवाजच. ती माशी तशी घुमते म्हणून तिला ते नाव पडलं. ऐतखाऊ हा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला."

"हे आज सांगताय होय?" केझाया म्हणाली. "गुत्त्यापासून तुमच्या चर्चच्या पायरीपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हिणवत होते, तेव्हा तुमची दातखीळ बसली होती का?"

तेवढ्यात जेबेझ परसात पोचलाही.

केझाया धावली, पण कुंपणाच्या आत शिरताच तिने तोंड मिटलं. भांडणाच्या घरी माश्या राहत नाहीत, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. जेबेझने टोपलीवर किल्ली आपटली. "तुमचा ड्रोन मेला. आता मालक मी." टोपली गप्प. त्याने पुन्हा आपटली आणि एक सणसणीत शिवी हासडली. दोन माश्या त्याच्या कानाला डसल्या, किल्ली गवतात पडली.

तिने ती उचलली. संताप गिळून तिने हळूच ठोठावलं.

"बायांनो, रूबेन गेला. तुमचा रूबेन गेला. माझ्यापाशी राहा."

'रूबेन गेला' हे शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. आतून घुमणं ऐकू आलं, आधी बारीक, मग टोपलीभर.

मग कान चोळणाऱ्या दिराकडे वळून ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, कुंपणाबाहेर चला. मला ओरडायचंय."