मस्कतचे नऊ

मंडणगडच्या एसटी स्टँडवर मी एकोणतीस वर्षं कंट्रोलर होतो. कुठली गाडी कधी पोचणार ते काशीरामला विचारायचं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. त्यामुळे सगुणावहिनी पहाटे गेली तेव्हा तिचा नितेश कधी पोचतो, ते भावकीने मलाच विचारलं. एकुलता एक पोरगा, मस्कतला नोकरीला. फोनवर एवढंच म्हणाला, "काका, नऊचं विमान मिळालंय. मुंबईहून गाडी करून येतो. आईचं तोंड बघू दे मला, तोवर उचलू नका."

मी लगेच कागद घेतला. साडेपंधराशे किलोमीटर, विमानाला दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे बाराच्या आत मुंबई. बाहेर पडायला पाऊण तास. पुढे दोनशे किलोमीटरसुद्धा नाही, पण आपला रस्ता! त्याला धरा पाच तास. "साडेपाचला पोरगा दारात," मी अंगणात सांगून टाकलं.

मयत उचलेपर्यंत आमच्या वाडीत कोणाची चूल पेटत नाही. पोरंबाळं कुरमुऱ्यांवर होती. साडेपाच वाजले. नितेशचा फोन लागेना. पावणेसहा झाले. डिसेंबरातला दिवस, सूर्य डोंगराला टेकलेला.

"थांबूया की रे जरा," चुलतभाऊ लवू म्हणाला. "अंधार पडला तर बत्त्या नेऊ. पोरगा एवढ्या लांबून येतोय."

"अरे, विमान काय आपला लाल डबा आहे, घाटात बंद पडायला?" मी खेकसलो. "चुकलं असणार त्याचं. दिवेलागण झाल्यावर दारात मयत ठेवतोस? चला, उचला!" माझं गणित चुकलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. उचलली. अग्नी मीच दिला.

पावणेसातला गाडी थेट स्मशानापाशी आली. नितेश धावत उतरला आणि पेटलेल्या चितेपुढे मटकन खाली बसला. मी त्याचा हात धरला. त्याच्या मनगटावर सव्वापाच वाजले होते. घड्याळ बंद पडलंय म्हणावं, तर सेकंदाचा काटा पळत होता. मग लक्षात आलं. तिकडची वेळ आपल्या दीड तास मागे. त्याचे नऊ म्हणजे आपले साडेदहा. पोरगा मिनिटाचाही उशीर न करता आला होता.

सकाळीच मी सात म्हणालो असतो, तर वाडी सातपर्यंत थांबली असती. कोणी हूं की चूं केलं नसतं.

"तिकडचं सिम इथे चालेना, काका," तो रडत म्हणाला. "ड्रायव्हरला चहालासुद्धा थांबू दिलं नाही हो मी. तरी उशीर केला."

तू नाही रे, मी चुकलो, एवढंच बोलायचं होतं. "असू दे, बाळा," मी म्हटलं, "रस्ताच तसा आहे."

दहाव्याला तो आल्यागेल्याला हेच सांगत होता, की मला आईसाठी वेळेवर येता आलं नाही. मी शेजारीच बसलो होतो.