जलगुरूंचा मासा आणि तेविसाचा पाढा

दातांच्या दवाखान्यात लोक एरवी तोंड मिटून बसतात. त्या सोमवारी मात्र सगळ्यांनी आ वासला होता, तोही डॉक्टरांनी न सांगता. सुजलेले गाल हातात धरून मंडळी माशांच्या टाकीभोवती दाटीने उभी होती, कारण जलगुरू म्हणवणाऱ्या एका बाबांच्या वाडग्यात एक सोनेरी मासा नुकताच आडवा झाला होता.

"मेला म्हणू नका!" जलगुरू गरजले. "डॉक्टरांचं संकट गिळलंय त्यानं. आता मी त्याला परत बोलावतो."

त्यांनी मासा दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात सोडला, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटले. माशाचे कल्ले हलले. मग शेपटी. मग स्वारी पोहायलाच लागली! एका आजींनी दुखरी दाढ विसरून टाळ्या वाजवल्या.

"दोन महिन्यांत नऊ मासे का गेले, कळलं?" जलगुरूंनी दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या टाकीवालीवर बोट रोखलं. "हिचा हात अपशकुनी आहे. टाकी माझ्याकडे सोपवा."

दवाखाने, हॉटेलं, बँक अशा अकरा ठिकाणच्या टाक्या टाकीवाली सांभाळायची. अपशकुनी असा शिक्का एकदा बसला, की अकराही दारं बंद. त्यात नऊ मासे गेले होते, हे काही खोटं नव्हतं. पाणी तपासून तपासून ती थकली होती आणि प्रत्येक माशाचं तिला मनापासून वाईट वाटलं होतं. आणि डॉक्टर? एवढे शिकलेले गृहस्थ, भक्तिभावाने मान डोलवत होते.

तिने पुढे होऊन पहिल्या वाडग्यात बोट बुडवलं. पाण्यावर तेलकट तवंग होता. बोट नाकाशी नेलं आणि तिला हसूच फुटलं.

"डॉक्टर, वास घ्या."

"लवंगेचा आहे. मग? इथे तो रोजच येतो."

"म्हणून तर कुणाला कळला नाही. जरा तुमची लवंगतेलाची बाटली द्या."

टाकीतल्या एका माशाच्या परावर जखम होती, तिला औषध लावायचंच होतं. टाकीवालीने दोन थेंब तेल पाण्यात चांगलं घुसळून मासा त्यात सोडला. तो आडवा झाला. तिने जखमेला औषध लावलं आणि त्याला स्वच्छ पाण्यात ठेवलं.

"मंत्र म्हण की गं!" आजी म्हणाल्या.

"मंत्र येत नाहीत, आजी. पाढे येतात."

तिने तेविसाचा पाढा सुरू केला. दुसऱ्या फेरीला सुजलेल्या गालांची सगळी मंडळी सुरात सामील झाली. तिसऱ्या फेरीला माशाने शेपटी हलवली आणि दवाखाना हसून हसून लोटपोट झाला.

"तुम्ही सुई देऊन दाढ बधिर करता ना, डॉक्टर? तसाच लवंगतेलानं हा मासा बेशुद्ध होतो आणि स्वच्छ पाण्यात शुद्धीवर येतो. बोलावलं नाही तरी."

जलगुरूंना अचानक महत्त्वाचं काम आठवलं. वाडगी तिथेच राहिली.

"पण ते नऊ मासे तर खरंच गेले," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

टाकीवालीने टाकीखालचं कपाट उघडलं. दिवे आपोआप लावणारा टायमर तिथे होता. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते, टायमरवर आदल्या रात्रीचे दहा. तिने बोटांवर तास मोजले.

"हा तेरा तास मागे आहे. मामा, शनिवारी निघताना काय करता?"

दवाखान्याचे मामा छाती काढून म्हणाले, "रात्री साडेआठला मेन स्विच बंद! दोन महिन्यांपूर्वी शेजारी आग लागली तेव्हापासून एकदाही विसरलो नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला चालू."

"म्हणजे सदतीस तास वीज बंद, टायमर बंद आणि पंपही बंद. टायमरचा काटा चोवीस तासांत एक फेरी मारतो, म्हणून मागे पडलेले तेराच तास दिसतात. माशांना हवा नाही, पाणी साफ होत नाही." तिचा आवाज उतरला. "दर सोमवारी मीच काटा पुढे सरकवत होते आणि स्वस्तातला टायमर म्हणून त्याला शिव्या घालत होते. तो का मागे पडतो, हे विचारलंच नाही. चूक माझीही आहे, डॉक्टर."

"आणि माझी त्याहून मोठी," डॉक्टर म्हणाले. "रोज हाताला लवंगेचा वास येतो, तरी मी हात जोडून उभा राहिलो. टाकी तुमच्याकडेच राहील."

मामांनी त्याच दुपारी पंपासाठी वेगळी लाईन ओढून घेतली. तेव्हापासून एकही मासा गेलेला नाही.

मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी बोट बुडवून बघा. आणि काही बिघडलं, तर कुणाचा हात वाईट हे शोधू नका. कुठलं बटण बंद आहे ते शोधा.