पाण्यापल्याडची नेमणूक

मनुबाईचं नर्सिंगचं सर्टिफिकेट लग्नाच्या शालूत गुंडाळून ट्रंकेच्या तळाला पडलं होतं, आणि ते तिथंच राहणार असं सगळ्या घरानं धरून चाललं होतं. सांगलीला दोन वर्षं राहून पोरीनं सुया टोचण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं शिक्षण घेतलं, आणि लग्न होऊन आली कुठं, तर उंब्रजजवळच्या मळ्यात. नवरा जोतीराम पलटणीत, पार आसामच्या अंगाला. घरात सासू अंबूबाई, सासरे पलटणीतनंच रिटायर झालेले हवालदार मानसिंग, आणि गोठ्यात चार जनावरं. आता गाई-म्हशींची बाळंतपणं करायला काही सर्टिफिकेट लागत नाही. ती मनू बिनसर्टिफिकेटाचीच करायची.

दुष्काळ सरून साल-दीड साल झालं असेल, तेव्हा एका सकाळी पेपरात जाहिरात आली. सातारा जिल्ह्यात नर्सबाईंच्या जागा भरायच्या होत्या. मनूनं ती जाहिरात अशी परत परत वाचली की चहा उतू गेलेलाही तिला कळला नाही. पण सासऱ्यापुढं तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. मग तिनं काय करावं? पेपराची घडी घातली, जाहिरात बरोबर वर येईल अशी, आणि त्याच्यावर मामंजींची चहाची बशी ठेवून दिली.

हवालदारांनी चहा प्यायला, जाहिरात वाचली, मिशा पुसल्या.

"उंब्रजला जागा आसंल तर जाऊ दे तिला," ते सुनेला नव्हे, चुलीपुढच्या बायकोला म्हणाले. "सांजच्याला दिवा लावाय घरात पायजे. उंब्रज मिळालं न्हाई तर इषय बंद. परत ह्या घरात नोकरीचं नाव काढायचं न्हाई."

हवालदारांनी एखादी गोष्ट बंद केली म्हणजे ती बंद. त्यांनी विडी बंद केली, भावकीतल्या एकाशी बोलणं बंद केलं, दोन्ही अजून बंदच होती. तेव्हा मनूला कळून चुकलं, की हीच एक संधी. नाहीतर जन्मभर म्हशी आहेतच.

साताऱ्याला जायच्या दिवशी मामंजींनी नोकरी आपल्यालाच लागायची आहे असा थाट केला. बुटांना पॉलिश, कोटावर मेडलं, डोक्याला फेटा. एस. टी. त बसल्यापासून सूचना सुरू. "सायबानं इचारलं तर खणखणीत बोलायचं. पदर तोंडात धरायचा न्हाई." मनू मान डोलवत होती.

कचेरीच्या व्हरांड्यात ही गर्दी! एकेक पोरगी आणि तिच्याबरोबर एकेक मामा, भाऊ नाहीतर चुलता. कुणाला कराड पाहिजे, कुणाला वाई, कुणाला साताऱ्यातच गल्लीच्या तोंडाशी जागा पाहिजे. मनूचा नंबर यायच्या आतच कारकून बाहेर आला आणि म्हणाला, "उंब्रजची जागा भरली. बदली होऊन जुन्या बाई आल्यात तिथं."

झालं. मनूच्या डोळ्यांपुढं अंधारीच आली. मामंजींनी घसा खाकरला. "चल पोरी. आपलं काम संपलं." आवाज मात्र त्यांनी जरा मऊ काढला होता, आणि त्यानंच तिला जास्त रडू यायला लागलं.

तेवढ्यात आतून मोठ्या बाई आल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या नर्सा त्यांच्या हाताखाली. चष्मा लावलेल्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की फेटेवाले मामेसुद्धा गप्प झाले.

"कराड, वाई, उंब्रज, हे सगळं संपलं," बाई म्हणाल्या. "आता माझं ऐका. कोयनेच्या धरणापल्याड गावं आहेत. जायला लाँच. रस्ता नाही, डॉक्टर नाही. अडलेली बाई डोलीत घालून पाण्यापर्यंत आणतात आणि लाँचची वाट बघत काठावर बसतात. घळवाडीला खोली बांधून तयार आहे. नर्स जाते, आठ दिवस राहते आणि घरचे येऊन तिला परत नेतात. मला तिथं टिकणारी पोरगी पाहिजे. ऑर्डर आत्ता हातात देते. जी तयार असेल तिनं एक पाऊल पुढं यावं."

मामे लोक छपराची कौलं मोजायला लागले.

मनूचे पाय शिवशिवत होते. काठावर लाँचची वाट बघत बसलेली ती बाई तिला समोर दिसायला लागली. मी जाते, मी, मी! पण मामंजींचा शब्द होता आणि ते पुढंच उभे होते. त्यांना ओलांडून पुढं जायचं कसं? तिनं ओठ दाताखाली धरला.

आणि खाडकन बूट वाजला.

एक पाऊल पुढं आलं होतं, ते हवालदार मानसिंगांचं. छाती बाहेर, मुठी मांडीला लावलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर. बावीस वर्षं पलटणीत काढलेला गडी. "एक पाऊल पुढं" हे शब्द कानात शिरल्यावर डोकं विचार करायच्या आधी पाय निघून गेला होता.

सगळा व्हरांडा खो खो हसला. "आजोबा, तुमी करनार व्हय बाळंतपनं?" एक चुलता ओरडला. मामंजी कानापर्यंत लाल झाले.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "तुमच्याबरोबर कोण आहे?"

आता मामंजींना मागं फिरता आलं असतं. चुकून झालं म्हटलं असतं तर कुणी फासावर दिलं नसतं. त्यांनी वळून मनूकडं बघितलं. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, चारचौघांत, मनू त्यांच्याकडं बघून बोलली.

"मामंजी, मला जायचंय. लय जायचंय मला."

मामंजींनी मिशीवरनं हात फिरवला. "लिवा बाई," ते म्हणाले. "पुढं पडल्यालं पाऊल मागं घेतलं तर समदी पलटण थुकंल माज्या तोंडावर."

ऑर्डर हातात पडली तेव्हा मनूला वाटलं, एस. टी. च्या आधी आपणच पळत घरी पोचू. घरी मात्र अंबूबाईंनी आभाळ डोक्यावर घेतलं. "तुमचा पाय घसरला म्हनून माजी सून पान्यात घालताय व्हय? ल्येकाला काय तोंड दावू? आता तुमीच जावा तिच्यासंगं. आठ दिस बगा. गाव बरं न्हाई वाटलं, तर हात धरून परत घिऊन या, सांगून ठिवते!"

म्हणजे सगळं परत आठ दिवसांवर आलं. तरीही लाँच सुटली तेव्हा मनूच्या अंगात आनंद मावत नव्हता. दोन्ही बाजूंना रानानं भरलेले डोंगर, मधे हे एवढं पाणी, आणि पायाशी औषधांची पेटी. ती मुद्दाम पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मामंजी फेटा धरून मधोमध बसले होते. आयुष्यात लढाया बघितल्या, पण पोहता येत नव्हतं.

घळवाडीची खोली झकास होती. कौलारू, सारवलेली, समोर दोन पायऱ्या. मनूनं पेटी लावली, भांडी उकळली, पांढरी साडी नेसून बसली. आणि मामंजी पहिल्या दिवशी उजाडल्यापासून वरच्या पायरीवर बसले. हातात काठी, कोटावर मेडलं. सुनेला परक्या गावात एकटी सोडतात होय?

दिवस गेला, कुणी आलं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. बाया हंडे घेऊन लांबनं जायच्या, खोलीकडं बघायच्या आणि पदर ओढून पाय उचलायच्या. मनूला कळेना आपलं काय चुकलं.

"गाव कामाचं न्हाई," मामंजी निकाल देऊन मोकळे झाले. "पेशंटच न्हाई तर नर्स कशाला? परवाच्या लाँचनं जाऊ." त्यांनी मनूची ट्रंकसुद्धा दाराशी आणून ठेवली.

मनू मागल्या दारी जाऊन ढसाढसा रडली. तिथं तिला गावातली म्हातारी सुईण भामाबाई भेटली. सरपणाचा भारा टेकून ती मनूकडं बघत उभी राहिली.

"रडतीस कशाला गं, बये? शिकल्याली हाईस आन येवढं कळंना? पायरीवर तो मिशीवाला बशीवलायस. गावच्या सुना-लेकी त्याच्या म्होरनं कशा येतील? त्यो इचारनार, काय दुखतंय. त्येला काय सांगायचं, म्हयनं चुकलं म्हनून? माजी नात नवव्या म्हयन्यात हाय. तीन येळा तुज्या दाराम्होरनं माघारी गेली."

मनूनं कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! आपल्या उंब्रजच्या मळ्यात तरी दुसरं काय होतं? वडीलधारा सोप्यात बसला की ती स्वतःच मागच्या दारानं जायची. सांगलीला सगळं शिकवलं, सासऱ्याला पायरीवरनं कसं उठवायचं ते काही शिकवलं नव्हतं.

पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं डोळे पुसले, पुढच्या दारी आली. पदर तोंडात धरला नाही.

"मामंजी, हितनं उठा. तुमी बसल्यामुळं बाया येईनात. दवाखान्याच्या दारात गडीमाणूस नको. तुमी लाँचच्या धक्क्यावर जाऊन बसा. आन माजी ट्रंक आत ठेवून जावा."

मामंजी बघतच राहिले. सासऱ्याला ऊठ म्हणणारी सून त्यांनी बापजन्मात बघितली नव्हती. मिशा थरथरल्या, कानशिलं तापली. मनूला वाटलं, संपलं आता. आत्ताच्या आत्ता पाण्यात ढकलतात की काय! मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले. ट्रंक उचलली, आत नेऊन ठेवली आणि धक्क्याकडं चालू लागले.

दुपारपर्यंत पायऱ्या भरल्या. आधी भामाबाईची नात आली, मग तिच्या जावा, मग डोंगरापलीकडच्या वाडीवरच्या बायका पोरं काखेला मारून. कुणाला चक्कर, कुणाच्या पोराला फोड, कुणाला नुसतंच नर्सबाईला बघायचं होतं. मनूला पाणी प्यायला उसंत नव्हती. तिसऱ्या प्रहरी भामाबाईच्या नातीच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि दिवस कलायच्या आत तिच्या पोरानं असं भोकाड पसरलं की धक्क्यावरचे लोक उठून उभे राहिले. भामाबाईनं मनूच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मनू हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच.

लाँचचा दिवस उजाडला. मामंजी आले. पायरीवर बाया होत्या म्हणून अंगणातच लांब थांबले, टाचा जुळवून. हातात फक्त त्यांचीच पिशवी होती.

"नर्सबाई," त्यांनी हाक मारली. सूनबाई नाही, पोरी नाही. "घरी जायाची रजा पायजे."

मनू दारात आली. "घरी आत्याबाईंना काय सांगणार?"

"सांगतो, सून नोकरीवर हजर हाय. परत आनता येत न्हाई."

मनूचे डोळे भरून आले. निघालेल्या वडीलमाणसाच्या पाया पडायचं, एवढं तिला सुचलं. ती धावत अंगणात उतरली आणि खाली वाकणार, तोच मामंजींनी हात आडवा धरला.

"अं हं. डूटीवर हायसा तुमी," ते म्हणाले. "वाकायचं न्हाई."