व्हार्निशचे तीन हात

ताईने सकाळी सहज म्हणून नखं घासायची एक फाइल अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली. फाइल सुळकन घसरली. दुसरी घेतली, तीही घसरली. तिसरीनंतर तिने घासणंच सोडलं.

अशा साठ फायली टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. लाकडी पट्टीच्या एका बाजूला घासकागद, तो ताईने कापून चिकटवलेला. नखं रंगवून द्यायचं छोटंसं दुकान होतं तिचं. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला तिच्या धाकट्या भावाने काढलेली चित्रं: धक्क्यावरचा दीपस्तंभ, एका पायावर उभा बगळा, डोंगरउतारावर फुलणारी जांभळी फुलं. भावाला सगळी गल्ली पेंटर म्हणायची. तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले आणि पेंटर जो घरात बसला तो बसलाच. दोन वर्षं ब्रशला हात नाही, तोंडातून धड वाक्य नाही. या फायलींनी त्याला उठवलं होतं. आज धक्क्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानाची मालकीणबाई माल बघायला यायची होती. तिने नाही म्हटलं तर हा पुन्हा भिंतीकडे बघत बसणार, हे ताईला लख्ख दिसत होतं.

"पेंटर, व्हार्निश कुठे कुठे मारलंस रे?"

"सगळीकडे. तीन हात!" त्याची छाती फुगली होती. "पाटी दोन्ही बाजूंनी बंद केली नाही, तर पाऊस आत शिरतो."

"अरे, नखावर कुठला पाऊस पडतोय!"

पेंटरने फाइल उलटून घासकागदावर बोट फिरवलं. एकदम गुळगुळीत. त्याचा चेहरा पडला आणि तो आतल्या खोलीत गेला. ताईला आपल्याच जिभेचा राग आला.

त्यात मालकीणबाई ठरल्यापेक्षा तासभर आधीच उगवली. तिने एक फाइल उचलून नखावर फिरवली.

"अहो, ही तर नखाला मालिश करते!"

ताई कसनुसं हसली. खास नाजूक नखांसाठी आहे, अशी थाप तिच्या ओठांवर आलीही होती. पण बाईने तोवर फाइल उलटली होती.

"हा आमच्या धक्क्यावरचाच बगळा ना? डाव्या पायाने लंगडतो तो?"

"उजव्या," आतून आवाज आला. पडदा सरकला. "म्हणून डाव्यावर उभा असतो. आणि व्हार्निश मी मारलंय, ताईची काही चूक नाही. कागद सोलून नवा लावतो. दोन दिवस द्या."

ताई बघतच राहिली. इतकी वाक्यं, तीही एका दमात!

"चार दिवस घ्या," बाई म्हणाली. "बगळे मात्र आणखी हवेत. आणि फायली घासल्या पाहिजेत, बरं का!"

घासकागद पाटीवाल्याइतका कोणाला कळणार? ताईने आणलेला कागद त्याने नाक मुरडून बाजूला सारला, स्वतः जाऊन बारीक दाण्याचा आणला आणि कामाला लागला. चिकटवलेली प्रत्येक फाइल वाळली की आधी आपल्या नखावर तपासायची, असा त्याने नियमच केला. ताई गिऱ्हाइकांची नखं रंगवत होती, पण कान आतल्या खोलीकडे. आत पेंटर शीळ घालत होता. तिला भरून आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दहाही बोटांची नखं पार मुळापर्यंत झिजलेली.

"ताई, हात दे," तो म्हणाला. "माझी नखं संपली, आणि वीस फायली अजून बाकी आहेत."

ताईने दोन्ही हात पुढे केले.